खळ्याकडचं दारं

हे मी कारभारणीलाबी सांगितलं न्हाई. ती गेली, तरी न्हाई. तुम्हाला का सांगून राह्यलो — ते माझं मलाच नीट कळत न्हाई. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, मागं-पुढं झालं तर समजून घ्या. न्हाई घेतलं, तरी लिहिणारच आहे.

गोष्ट आमच्या धावडा गावची, घरोघरी टीव्ही यायला लागले त्या काळातली. भावकीतला भानुदास, माझ्याहून बराच लहान, मला तात्या म्हणणारा — त्यानं गावच्या पोरापोरींचं मंडळ काढायचं ठरवलं. अध्यक्ष नको, मानपान नको, ज्यानं त्यानं आपल्या हातानं राबायचं. संध्याकाळी कबड्डी, मंग अभ्यास. जागा कोणाची? माझं खळं. मीच दिलं होतं, चारचौघांत, मिशीवर हात फिरवून.

पोरांनी मुरूम वाहिला, चोपला, शेणानं सारवला. मी रोज बघायला जायचो. खोटं कशाला बोलू — बरं वाटायचं. आमच्याकडं उद्घाटनाला ज्याची जागा त्याच्या हातचा नारळ. जुन्या जालन्याला जाऊन नवा फेटाबी आणल्ता मी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भानुदास घरी आला. म्हणाला, पोरांनी ठरवलंय, नारळ मंगल फोडणार. मंगल म्हणजे केरबाची पोरगी. केरबा माझा सालगडी. मुरमाच्या पाट्या सगळ्यात जास्त तिनं वाहिल्या म्हणे.

"तात्या, जागा तुमची, पण नारळ कष्टाचा." हसून म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

मीबी हसलो. बराबर आहे म्हणालो. चहा पाजला. आन् मनात एकच — माझ्या खळ्यात, माझ्या गड्याची पोरगी?

दुपारी लाईट आली. भानुदासच्या गव्हाचं पाणी चालू झालं. त्याचा पाट माझ्या खळ्याच्या कडेनं जायचा, आन् तिथं खळ्याकडं पाणी वळवायचं एक जुनं दारं होतं — मातीनं बुजवलेलं. त्यानं पाणी गव्हात लावलं, जाता जाता ते दारं पायानं दाबून बघितलं — लांबून मी बघत होतो — आन् मांडवाचं सामान आणायला गेला.

मंग मी काय केलं?

फावडंबी नेलं न्हाई. हातानंच त्या दाऱ्याची माती ओढली. त्याच पाण्यात हात धुतले, घरी येऊन बसलो. दिवेलागणीला लाईट गेली, तोवर मोटर चालू होती.

सकाळी खळ्यात चिखल. सारवण गेलं, मुरूम वाहून गेला. तालुक्याचे पाहुणे बांधावरनंच माघारी फिरले. पोरं भानुदासवर तुटून पडली. एक जण म्हणाला, "याला एक दारं बुजवता येईना, आन् हा मंडळ चालवणार." मंगलनं नारळ पिशवीत घातला आन् चालायला लागली.

मला वाटलं, भानुदास म्हणेल — मी दारं नीट दाबलं होतं, कोणीतरी फोडलंय. त्याचं उत्तर मी घरूनच घेऊन गेल्तो. पण तो तसं बोललाच न्हाई. त्याला खरंच वाटलं, आपल्याच हातून झालं. सगळ्यांदेखत त्यानं माझ्या पायाला हात लावला.

"तात्या, तुमच्या जागेची नासाडी केली मी. माफी द्या."

आन् मी — मी दिली. पाठीवर हात ठेवून दिली. लोक म्हणाले, तात्याचं मन मोठं.

मंडळ पुन्हा उभं राहिलं न्हाई. मंगल त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन जाफराबादकडं गेली. भानुदास कशातच पुढं व्हायचा बंद झाला. परवा पारावर नवी पोरं त्याच्याकडं आल्ती. मंडळ काढायचंय, तुम्ही पुढं व्हा, म्हणाली.

"मला न्हाई जमायचं रे. माझ्या हातून कामं बिघडतात. तात्यांना विचारा."

पोरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली — खरं आहे म्हणून.