रुपयाची झिजलेली बाजू

भिंगाच्या डबीतल्या कापराचा वास आला, की पुंडलिकनगरच्या एका गच्चीवरची रविवारची सकाळ आठवते. नाण्यांचा दर्जा ठरवायला मी तेव्हा नुकता शिकत होतो आणि आईच्या डब्यात सापडलेला निजामाचा चांदीचा रुपया घेऊन माझ्या म्हाताऱ्या गुरूंकडं गेलो होतो. एका बाजूचा चारमिनार नवाकोरा, दुसऱ्या बाजूची फारसी अक्षरं पार गुळगुळीत. एकाच नाण्याला दर्जा द्यायचा तरी कोणता, माझं डोकंच चालेना. गुरूंनी रुपया उन्हात उभा धरून कडेवर नख फिरवलं. म्हणाले, "इथं कडी जोडल्याची खूण हाय बघा. लई वर्षं कुणाच्या तरी गळ्यात होता. ही बाजू अंगाला घासलीय." घरी येऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आपल्यात कुणाच्या गळ्यात रुपया होता? नाय बा." बोलताना तिचा हात मात्र आपसूक गळ्याशी गेला आणि तिथं काही न सापडल्यासारखा खाली आला. पुढं विचारायचा मला धीर झाला नाही. आज दुसऱ्यांच्या नाण्यांचा दर्जा मी झटक्यात सांगतो. पण त्या रुपयाची खराब बाजू नेमकी कोणती, तेवढं मला अजून ठरवता आलेलं नाही.