आत्याबाईंची दुनळी
मामंजी गेल्यावर त्यांची दुनळी बंदूक माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, नावावर झाली. भोसरीजवळच्या आमच्या रानात तेव्हा ज्वारी असायची आणि दिघीच्या टेकड्यांकडून डुकरं यायची. पुढं त्या रानात कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या. पीक गेलं, डुकरं गेली, बंदूक तेवढी राहिली. आत्याबाईंच्या नागपूरकडच्या जावयांच्या संत्र्याच्या बागेत मात्र डुकरांनी उच्छाद मांडला होता. बंदूक त्यांना द्यायचं ठरलं.

लायसन आत्याबाईंचं, त्यामुळे बंदूक त्यांनीच न्यायला हवी होती. मी कंपनीत टायपिस्ट असल्यानं कलेक्टर कचेरीचे अर्ज माझ्याकडे आले आणि सोबत जाणंही. आगगाडीत बंदुकीच्या पेटीवर डोळा कोण ठेवणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा आत्याबाईंनी विमानाचं नाव काढलं. खुरपताना डोक्यावरून लोहगावची विमानं जाताना त्यांनी जन्मभर पाहिली होती. एकदा आतून बघायचं होतं. ह्यांनी थोडी कुरकुर केली आणि मुंबईहून दोन तिकिटं काढली.

सांताक्रूझला काउंटरवर मी सांगितलं, सामानात बंदूक आहे, कागद हे. तिथल्या तरुण साहेबांनी आमच्या मागं कुणी पुरुष दिसतो का ते पाहिलं. मग मला विचारलं, बंदूकवाले कुठं आहेत?

"बंदूक माझी हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि नऊवारीचा पदर सारखा करून पुढं झाल्या.

पेटी उघडायला लावली. नळ्या आणि दस्ता वेगवेगळे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत तान्ह्या बाळांसारखे गुंडाळलेले. पाच काडतुसं निराळ्या डब्यात. आणि मधल्या फटीत लेकीसाठी सांडगे. साहेबांनी सांडग्यांची पुरचुंडी हुंगली आणि शेजारच्यालाही हुंगायला दिली. मग त्यांनी नळ्यांत काही नाही ना, असं विचारलं. आत्याबाईंनी नळ्या उचलून उजेडाकडे धरल्या आणि त्यांना डोळा लावून बघायला सांगितलं. आमच्या मागची रांग चार पावलं मागं सरकली.

साहेबांचा चेहरा आता मोकळा झाला होता. फॉर्म भरता भरता त्यांनी आजवर किती डुकरं मारली ते विचारलं. मला खरं ठाऊक होतं.

"एक बी न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदा बार काढला, तर मीच चिखलात बसले. डुक्कर उभं राहून बघत हुतं."

साहेब इतके हसले की फॉर्मवर शाई सांडली. दुसरा फॉर्म आणावा लागला. त्यावर आत्याबाईंनी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही केली, एकेक अक्षर जपून. पेटीला चिठ्ठी बांधून ती आत नेली, तेव्हा मात्र त्यांचा जीव खालीवर झाला. मी समजावलं की ती विमानाच्या पोटात, आपल्या पायाखालीच असणार. मग विमानात त्या सगळा वेळ पाय अधांतरी धरून बसल्या. खिडकीतून बघायचं राहूनच गेलं. मी ढग दाखवले, तर मान हलवून पुन्हा पायांकडे बघू लागल्या.

नागपूरला एका अधिकाऱ्यानं पेटी हातानं आणून दिली आणि पुन्हा सही घेतली. बाहेर जावई उभे होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पेटीला हात घातला. आत्याबाईंनी तो हलकेच बाजूला केला.

"राहू द्या, पाव्हणं. कचेरीत कागद हुईपतूर ती माझी हाय."

कचेरीला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आत्याबाईंनी जावयांना बागेत नेऊन बंदूक जोडायला, उघडायला आणि पुसायला शिकवलं. बार काढताना पाय कसे रोवायचे, हेही त्यांनीच दाखवलं.