सर्जाचे अकरा सेकंद

आज सकाळी सर्जाच्या तिरडीला खांदा द्यायला जो माणूस पुढं आला, त्यानंच सर्जाचा पाय तोडला होता.

बबन. सर्जाचा चुलतभाऊ.

काल दुपारी जेवून उठताना सर्जा हार्ट अटॅकनं गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. पुढं तो गडमुडशिंगीत शेतीत राहिला, मी शाहूपुरीत पेपरच्या डेस्कवर.

बांधाच्या वादातून कोयत्याने वार, एक गंभीर.

काही वर्षांपूर्वी हे हेडिंग मीच दिलं होतं. छपाईला पान सोडायची घाई. बातमीतलं नाव वाचलं ते पान गेल्यावर.

कोयता डाव्या पोटरीत हाडापर्यंत गेला होता. बबनचे वडील, तात्या, ओरडत आले. आधी पोराला काठीनं झोडपलं, मग डोक्याचा पटका सोडून सर्जाच्या मांडीला आवळला. तो पटका नसता तर सर्जा बांधावरच संपला असता, असं डॉक्टर म्हणाले.

पाय मात्र वाचला नाही. पाचव्या दिवशी गुडघ्याखाली कापला.

बबन जामिनावर सुटला त्याच आठवड्यात सर्जाला नवा पाय मिळाला.

दर गुरुवारी मी त्याला स्कूटरवरून फिजिओच्या सुजाता मॅडमकडे न्यायचो. पहिल्याच दिवशी त्यानं कुबडी भिरकावली. भिंतीवरचा आरसा फुटला, एक काच माझ्या भुवईत घुसली. खूण अजून आहे.

मॅडमनी काचा झाडल्या, माझ्या हातात कापूस आणि स्टॉपवॉच दिलं आणि त्याला म्हणाल्या, "आता खुर्चीतनं उठा."

खुर्चीतून उठायचं, फरशीवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सर्जाला एक्केचाळीस सेकंद लागले. वळताना दोनदा मला धरलं, दोन्ही वेळा शिवी दिली.

मग मॅडमनी फाइल उघडून विचारलं, पुढं काय करता यायला पाहिजे? लोक सांगतात, जिना चढायचाय, देवळात जायचंय.

"लाथ घालायची हाय," सर्जा म्हणाला. "बबनच्या छातीत."

मला वाटलं, मॅडम आता आम्हाला हाकलणार.

त्यांनी तेच जसंच्या तसं लिहून घेतलं. म्हणाल्या, "कुठल्या पायानं?"

"उजव्या. चांगल्या."

"मग लाथ मारणारा पाय तुमच्याकडं हायच की. खाली टेकून उभं राहायचा न्हाय. डाव्यावर उभं राहून दाखवा."

दोन सेकंद. दुसऱ्यांदा सरळ कपाळावर पडला.

पुढचे आठ महिने तो त्या दोन सेकंदांशी भांडला. घरी उंबऱ्याला धरून उभा राहायचा, एकेक बोट सोडत. थोटकावरच्या मोज्यातून रक्त यायचं. त्याची बायको, सुमनवहिनी, रोज तो मोजा धुवायच्या. मॅडम रागवायच्या, जखम भरेपर्यंत पाय घालू द्यायच्या नाहीत. मग तो दाराच्या फळीवर बुक्क्या मारायचा.

खुर्चीची वेळ बारा सेकंदांवर आली. माझी नऊ. "पेपरवाला हाईस, पळायची सवय हाय तुला," म्हणायचा.

डाव्या पायावर सात. मग आठ.

मी मोजत होतो. कशासाठी, ते मला माहीत होतं. तरी मोजत होतो.

आणि तात्या वारले.

सर्जा पाय बांधून गेला आणि न विचारता तिरडीखाली शिरला. कुणीतरी म्हणालं, पडशील, तिरडी पडंल. त्यानं त्या माणसाकडं असं बघितलं की तो बाजूला झाला.

पुढं बबन, हातात विस्तवाचं मडकं. त्याच्या मागं दोन हातांवर सर्जा. सबंध वाट त्याच्या डोळ्यांसमोर ती पाठ होती. मडकं धरलेले हात बांधल्यासारखे. एक ढकलणं पुरलं असतं.

तो चालत राहिला. खांद्यावर त्याचा जीव वाचवणारा माणूस होता.

अग्नी दिला. लोक नळावर पाय धुवायला आले. बबन तोंड धुवून वळला आणि सर्जानं उजवा पाय उचलून त्याच्या छातीत घातला.

आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. बबन चिखलात उताणा.

सर्जा डाव्या पायावर तसाच उभा. दुसरा पाय हवेत. सवयीनं माझी मोजणी सुरू झाली होती. अकराला त्यानं पाय खाली टेकला.

बबनच्या तोंडातून रक्त येत होतं. उठायचा प्रयत्न केला नाही. म्हणाला, "झालं?"

"झालं."

माफ केलं असं कुणी समजू नये. पुढं कोर्टात सर्जानं उभ्यानं साक्ष दिली. बबन शिक्षा भोगून आला. दोघं परत कधी बोलले नाहीत.

त्या गुरुवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल उघडली. विचारलं, "किती सेकंद?"

"अकरा."

त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "आणि खांदा देऊन किती चालले?"

मी म्हटलं, ते नाही मोजलं.

पेन ठेवून माझ्याकडं बघितलं त्यांनी. "ते मोजायचं होतं की हो. लाथ कुणीबी मारतंय."

तेव्हापासून ते मनात राहिलं होतं.

आज बबन तिरडीपाशी आला तेव्हा अंगणातले लोक त्याच्याकडं वळले. सुमनवहिनी उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "भावजी, खांदा न्हाय द्यायचा. मागनं चाला. तात्यांच्या वक्ताला ह्ये तुमच्या मागनं चालले हुते."

बबन मागं झाला. मान खाली घालून शेवटपर्यंत मागून चालला.

पुढच्या बाजूला डावीकडं मी होतो. वाट तीच. स्मशानही तेच. मी पावलं मोजली.

सहाशे बारा.

चारशे व्हायच्या आतच माझा खांदा भरून आला होता. मला दोन पाय आहेत.

सर्जा, गुरुवारी जाऊन मॅडमच्या फाइलमध्ये तुझी सहाशे बारा पावलं लिहून येतो. तू ये आता.