टोंब्रे, थोंबरे, ठोंबरे

माणसाला पणजोबा असतात ते आमच्या आत्येसासूबाईंनी त्यांची चौकशी करावी म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे. नागपूरला लकडगंजातल्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, पण खरा विषय वंशावळ. कळमन्याहून संत्री आणणाऱ्या टेम्पोवाल्याला त्या भावाच्या आधी मूळ गाव विचारीत. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी माझ्या पणजीचं माहेर असं काही खोदून काढलं, की आपल्याला अचलपुरात नातलग आहेत हे माझ्या वडिलांना तेव्हा कळलं. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांना पूर्वजांचा शोध घेऊन देणारी एक वेबसाइट सापडली, आणि आमच्या घरचा लॅपटॉप आमचा राहिला नाही.

रोज दुपारी त्या इतवारीतून रिक्षानं येत आणि एकाच माणसाला शोधत. स्वतःच्या वडिलांना. त्या पाळण्यात असताना ते रेल्वेच्या नोकरीसाठी आफ्रिकेत गेले. ते परतले नाहीत, त्यांची खबरही आली नाही. वेबसाइटवर आडनाव, वडिलांचं नाव, गाव असे वेगवेगळे रकाने होते, आणि स्पेलिंगची खात्री नसली तर अर्ध्या नावापुढे चांदणी (*) टाकून उरलेली अक्षरं मोकळी सोडायची सोय होती. "साहेबानं ठोंबरेचं टोंब्रे केलं असन, थोंबरे केलं असन, तंबोरा बी केलं असन," म्हणत आत्याबाई चांदण्या टाकत राहायच्या.

आणि एका दुपारी ते सापडले. आडनाव 'टोंब्री', पण त्यांचं नाव बरोबर, त्यांच्या वडिलांचं नाव बरोबर, गाव नागपूर. पुढे एकच शब्द: मृत्यू. तारखेसाठी नोंद उघडायची होती. आत्याबाईंनी माझा हात धरला. "आज नको वं. उद्या आंघोळ करून पाहू."

दुसऱ्या दिवशी वेबसाइटचा चेहराच बदललेला. रकाने गेले, चांदणी गेली. उरली एक लांबलचक पट्टी, आणि खाली लिहिलेलं, आम्ही शोध सोपा केला आहे! ठोंबरे टाका की टोंब्री, अमेरिकेतले थॉम्पसन रांगेनं उभे राहत. नागपूर टाकलं तर हॉटेलं येत. "काहून बदललं? कोणाले तरास होऊन राहिला होता?" आत्याबाई पडद्यालाच विचारत. त्यांनी कंपनीला शुद्ध इंग्रजीत तक्रार लिहिली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं. दुसऱ्या तक्रारीलाही तेच आलं. पूर्ण उन्हाळा आम्ही शोधलं. ती नोंद पुन्हा दिसली नाही.

शेवटी मी चिडून म्हणाले, "आत्या, त्याच दिवशी उघडली असती तर?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. "मले भेव वाटला वं. आई मरेपर्यंत कुंकू लावत होती. बायका मागून हसत. तिच्या मरणाच्या आधीची तारीख निघाली असती तर?"

भाद्रपदात त्या आपणहून म्हणाल्या, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री असते, यंदा बाबांचं पान वाढू. त्यांना काय आवडायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळंच थोडं थोडं करायला लावलं. पान वाढलं गेलं. आत्याबाई त्याच्यासमोर बसून राहिल्या.

"भाजीत तिखट जास्त झालं काय वं?" त्यांनी हळूच विचारलं. "इतकी वर्षं तिकडं राहिले. सवय मोडली असन."