पायथ्याशी राहिलेली ओटी

त्या नवरात्रात मी जीवदानी आईवर चक्क रुसले होते. विरारच्या गडावर जाऊन ओटी भरायची हा सासूबाईंनी लावून दिलेला नेम मी कधी मोडला नव्हता, आणि नेमकी पाळी परत आली. बंद होऊन चांगली तीन वर्षं झालेली, आता पंचावन्नाव्या वर्षी ही कटकट! मध्येच कधीतरी लघवीला गेले की लाल दिसायचं, एक-दोन दिवसांत थांबायचं, काही आठवड्यांनी पुन्हा तेच. दुखत मात्र काही नव्हतं. आमच्या घरात अडचण म्हणजे अडचण, देवाला हात लावायचा नाही. घटाला माळ घालायचं काम यांच्या गळ्यात पडलं. मी दारातून सूचना करायची आणि हे चिडायचे. पण आतून मीच हिरमुसले होते. इतकी वर्षं मनोभावे केलं, आणि आईने आत्ताच मला दूर का लोटावं, हे काही केल्या मनातून जाईना.

अष्टमीला धाकटी जाऊ आमच्याकडे आचोळ्याला आली. तिच्याबरोबर मीही गडाच्या पायथ्यापर्यंत गेले, घरात बसवेना म्हणून. माझी ओटी तिच्या हाती वर पाठवायची असं ठरलं होतं. पण आयत्या वेळी माझ्याने ओटीची पिशवी हातातून सोडवेना. माझी ओटी मीच भरणार, दुसऱ्याच्या हातून नाही. हट्टी तर मी आहेच. शेवटी ती एकटी वर गेली आणि मी खण-नारळ मांडीवर घेऊन चपला राखत बसले.

शेजारी अर्नाळ्याची एक कोळीण बसली होती. गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरच्यांना वर पाठवून ती खाली राहिलेली. ओटी अशी मांडीवर घेऊन का बसलीस, असं तिने सरळच विचारलं. मी अडचण सांगितली. तिने माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि वय विचारलं, पाळी कधी थांबली तेही विचारलं. एरवी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तुम्हाला काय करायचंय? तिला का कोण जाणे, सगळं सांगून बसले. तिच्या बहिणीलाही असंच लाल जायचं म्हणे. उष्णता झाली म्हणून ती सब्जा पीत राहिली, लाजेने कुणाला बोलली नाही, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. एवढं सांगून तिने माझा हात धरला.

“गेलेली पाळी अशी परत येत नाय, बाय. देवी कुठं जात नाय, ओटी मागून भर. पन पयली डाक्टरीनबाईला दाखव.”

जाऊ उतरून आली तोवर ती तिच्या माणसांबरोबर निघून गेली होती. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

हे म्हणाले, दसरा तर होऊ दे. मी ऐकलं नाही, दुसऱ्याच दिवशी नालासोपाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एकच गोष्ट विचारली, की कपड्यांना डाग लागतो का, की फक्त लघवीतूनच जातं? मी आठवून पाहिलं. डाग कधी लागलाच नव्हता, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशय अगदी ठीक निघालं. गाठ डाव्या किडनीवर होती. पुढच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांनी कॅन्सरचा संशय सांगितला, तेव्हा रिपोर्ट हातात धरून हे जिन्यातच बसले. मी फार घाबरले होते. आयुष्यभर देवीपुढे उभी राहून मी तिला यादीच वाचून दाखवायची, मुलाचं हे कर, घराचं ते कर. ऑपरेशनला नेताना एकही मागणं सुचेना. डोळे मिटून एवढंच म्हटलं, आई, आता तू बघ. आणि खरं सांगते, छातीवरचं ओझं उतरलं.

गाठ लहान होती, कॅन्सरचीच होती, पण किडनीबाहेर पसरलेली नव्हती. गाठ तेवढी काढली, बाकीची किडनी वाचली. लघवीतून रक्त एकदा जरी दिसलं, दुखलं नाही तरी, लगेच दाखवायचं असतं, हे डॉक्टरांनी मला तेव्हा बजावून सांगितलं. आता ठरल्या वेळी तपासणीला जाते, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, अंग दुखलं की मनाने गोळ्या घेत नाही. आमच्या भजनी मंडळात आरती झाली की मी बायकांना लघवीच्या रंगाची चौकशी करते. हसतात, पण दोघी-तिघी जाऊन तपासून आल्या.

चमत्कार झाला की नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. जी अडचण मुळात नव्हतीच, तिच्यामुळे मी खाली बसले, आणि खाली बसले म्हणून आज आहे. दूर लोटलं म्हणून मी जिच्यावर रुसले, तिने मला बरोब्बर जागी बसवलं होतं.

यंदा गडावर जाऊन ओटी भरली. काही मागितलं नाही, नुसती डोळे भरून पाहत राहिले. उतरल्यावर त्या कोळणीला शोधलं, दिसली नाही. जरा टेकले तर शेजारी साधारण माझ्याच वयाची एक बाई चपला राखत बसलेली, मांडीवर ओटीची पिशवी. मी तिच्याजवळ सरकले आणि म्हटलं, “तुम्ही का हो नाही गेलात वर?”