नागिणीची लस आणि बिनफोडणीचं वरण

मला संधिवात आहे. आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, त्या जातीचा. जुन्या गोळ्यांना बोटं दाद देईनात, म्हणून डॉक्टरांनी नवीन औषध सुरू करायचं ठरवलं. ते प्रतिकारशक्ती आणखी दाबतं, म्हणून आधी नागिणीची लस घ्या म्हणाले. मी दोनच प्रश्न विचारले. लशीत जिवंत जंतू आहे का? नाही, म्हणून तर तुम्हाला चालते. सांधे उसळतील का? क्वचित कुणाचे काही दिवस उसळतात. ताप मात्र येऊ शकतो. ठीक. साकोलीला टोचून घेतली आणि बसने घरी आले.

दुसऱ्या दिवशी ताप आला. शेजारी राहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला.

"आली वं माय!"

"कोण आली?"

"तुले नागिणीचंच टोचलं ना? मंग तेच आली."

आमच्याकडे गोवर, कांजिण्या निघाल्या की माता आली म्हणतात आणि घरात फोडणी बंद. बाईंनी तोच कायदा मला लावला. दारात कडुनिंबाचा डहाळा, ताटात पांढरं वरण.

"बाई, त्यात अख्खा जंतू नाही. नुसता एक तुकडा आहे."

"विंचवाची नांगीबी तुकडाच असते!"

मी इतकी हसले की टोचलेला दंड ठणकला. नवरा तोंड फिरवून खिदळत होता.

"भाऊजी, तुमी कायले हासून राहिले? तोंडाले भज्यांचा वास येऊन राहिला तुमच्या!"

त्याचं हसू तिथेच थांबलं. माझं थांबेना.

पण चादरीखाली मी मूठ वळून बघत होते, आणि ती अर्ध्यावर अडत होती. सांधे उसळले तर नवीन औषध लांबणार. डॉक्टरांना फोन केला. तापाची गोळी घ्या, दोन दिवस बघू, म्हणाले.

तापाच्या तिसऱ्या सकाळी अंग गार. मूठ वळली, रोज वळते तेवढी, पण वळली. उठले, खलबत्ता ओढला, लसूण-मिरची स्वतःच्या हाताने कुटली आणि कडकडीत तेलात सोडली. ठसका गल्लीभर गेला. बाई शिंकत धावत आल्या.

"मरतं का वं!"

"नाही. हात चालतो, बघा."

त्यांनी माझी बोटं एकेक दाबून पाहिली. मग पाट ओढून बसल्या.

"वाढ मंग. दोन दिवस मीबी तेच पांढरं गिळून राहिली."