टोपलीचा रीटेक

डॉक्युमेंटरी होते तासाभराची, पण ती करताना झालेले किस्से चहाच्या दुकानात कितीही दिवस पुरतात. पुण्याच्या मुग्धाताई ‘गावातली परंपरा आणि नवी पिढी’ या विषयावर शूटिंगला आल्या, तेव्हा मी त्यांचा लोकल को-ऑर्डिनेटर होतो. म्हणजे पडेल ते काम!

बनारसबाहेरच्या गावात वसंतकाकांचं मराठी घर. झेंडूची शेती. रोज पहाटे पहिली टोपली घरच्या कर्त्यानं बालाजी घाटाजवळच्या देवळात पोचवायची, ही त्यांची रीत. मुलगा नीरज, त्याला पुण्यात नोकरी लागलेली. आता टोपली कोण नेणार, हीच आमची फिल्म.

पहिल्याच दिवशी काका टोपली घेऊन ई-रिक्शात बसले. मुग्धाताई कळवळल्या, “काका, चालत जा ना! तुमचे आजोबा चालत जायचे.”

“त्यांना रिक्शा मिळत नव्हती!”

मग काकूंचा इंटरव्ह्यू. “परंपरा म्हणजे तुमच्यासाठी काय?”

काकू म्हणाल्या, “ते ह्यांना विचारा. मला पहाटे उठून चहा ठेवावा लागतो, एवढं पक्कं.”

नीरजला विचारलं, जाणार की राहणार? तो म्हणाला, “बाबा हो म्हणत नाहीत, ना भी नहीं बोलते. मी काय समजू?” काकांना विचारलं, तर म्हणाले, “तो मला विचारतच नाही!” आम्ही दोघांचंही रेकॉर्ड केलं आणि आणखीच गोंधळलो.

शेवटी एकदाचं मुग्धाताईंना एंडिंग सुचलं. काकांनी टोपली नीरजच्या डोक्यावर ठेवायची. काकांनी ठेवली. शॉट झकास झाला, पण मध्येच एक म्हैस हंबरली.

“काका, रीटेक!”

“नाही. बापानं एकदा मुलाच्या डोक्यावर ठेवली की ती मुलाची झाली. आता मी ती उचलत नाही.”

“अहो, हे नुसतं शूटिंग होतं!”

“टोपली खरी होती ना?”

नीरज टोपलीखाली तसाच उभा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची पुण्याची गाडी. मला तर त्याच्याकडे बघवेना.

सकाळी आम्ही घाटावर सूर्योदय शूट करत होतो. बघतो तर नीरज टोपली घेऊन पायऱ्या उतरतोय! एकटाच.

मुग्धाताई धावल्या. “अरे, तुझी गाडी? काका काय म्हणाले?”

“पता नहीं, ताई. बाबा अजून मस्त घोरतायत. इतक्या उशिरापर्यंत त्यांना झोपलेलं मी कधी बघितलंच नाही. उठवू कसं?”